वैद्यकाकूंचं तळणीचं तेल

आमच्या मराठी मंडळाच्या संपादकांचा फोन आला, "तुमच्या नोकरीबद्दल दिवाळी अंकात लिहा ना." मी म्हटलं, "वाचकांनी तुमचं काय वाकडं केलंय?" पण ते ऐकेनात.

इंग्लंडात, लेस्टरमधल्या एका ऊर्जा सल्ला केंद्रात मी एकोणीस वर्षं नोकरी केली. तिथं मी नेमकं काय करायचे हे माझ्या नवऱ्याला माझ्या निवृत्तीच्या पार्टीतही सांगता आलं नव्हतं. "लाइटचं काहीतरी बघते," म्हणून त्यानं वेळ मारून नेली. तेव्हा आधी ते सांगून टाकते.

दोन हजारनंतरच्या वर्षांत इथल्या खेड्यापाड्यांत, चर्चमध्ये, देवळांत, शाळांत लोकांना एकाएकी वाटू लागलं, की आपली ऊर्जा आपणच तयार करावी. कुणाला टेकडीवर पवनचक्की हवी, कुणाला छतावर सोलर. चारचौघे जमायचे, समिती व्हायची, दुसऱ्याच बैठकीत भांडण व्हायचं आणि तिसऱ्या बैठकीला मला बोलावणं यायचं. त्याच वर्षांत युरोपातून ऊर्जेचे कायदे एकामागून एक येत होते. ब्रसेल्समध्ये निर्देश निघायचा, लंडनमध्ये त्याचा नियम व्हायचा आणि त्याचा गठ्ठा माझ्या टेबलावर येऊन पडायचा. तो वाचून समितीला समजेल अशा भाषेत सांगायचा, हे माझं काम. म्हणजे ‘असं नाही करता येणार’ हे वाक्य चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत लांबवायचं. कायदे वाईट नव्हते. ते नसते तर त्यातल्या बऱ्याच चक्क्या उभ्या राहिल्या नसत्या आणि आमचं केंद्रही नसतं. फक्त ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठमोठ्या कंपन्या असायच्या आणि माझ्यासमोर पाद्री, निवृत्त पोस्टमास्तर आणि लोकरीच्या टोप्या घातलेल्या बायका.

एका खेड्यानं वर्गणी काढून पवनचक्की उभारली होती. कुरणात चक्की, रस्त्यापलीकडे प्राथमिक शाळा. चक्कीची वीज शाळेला द्यायची, एवढीच त्यांची इच्छा. वीजबाजार खुला करणारा कायदा तेव्हा नुकताच आला होता. कुणीही कुणाकडूनही वीज घ्यावी, मात्र तारा एकाच्या आणि विक्री दुसऱ्याची, असा त्याचा मामला. म्हणजे गावानं आधी आपली वीज ग्रिडला विकायची आणि शाळेनं ती लांबच्या शहरातल्या कंपनीकडून विकत घ्यायची. समितीचे अध्यक्ष पाद्री होते. खिडकीतून शाळेकडे बघत ते म्हणाले, "म्हणजे रस्ता ओलांडायला तिला शंभर मैलांचा फेरा?" मी म्हटलं, "वीज सरळच जाईल. फेरा कागदांना आहे." त्यांना ते लगेच पटलं. न दिसणाऱ्या गोष्टींची त्यांना सवय होती.

पुढे मोठ्या सरकारी इमारतींनी आपण किती ऊर्जा खातो याचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं, असा नियम आला. फ्रिजवर असतं तसं, ए पासून जी पर्यंत. एका ऑफिसला जी, म्हणजे सगळ्यात खालचा दर्जा, मिळाला. तिथल्या केअरटेकरनं ते दारासमोरच लावलं आणि त्याच्यापुढे माणसाएवढं कुंडीतलं झाड आणून ठेवलं. मी विचारलं तर म्हणाला, "जागा दर्शनीच आहे, मॅडम. झाड वाढतं, त्याला मी काय करू?" झाड प्लास्टिकचं होतं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. आता जे सांगणार आहे ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात कायद्याची चूक कमी आणि माझी जास्त आहे.

आमच्या मंडळाचा हॉल म्हणजे बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीतलं जुनं चॅपल. तिथं मंगळवारी आणि गुरुवारी ज्येष्ठांचं जेवण असायचं. वीस-बावीस माणसं. कुणी एकटं राहणारं, कुणी मुलाच्या घरी राहून दिवसभर एकटं. स्वयंपाकघर वैद्यकाकूंच्या ताब्यात. काकू मूळच्या मिरजेच्या. लग्न होऊन नैरोबीला गेल्या, तिथून सत्तरच्या दशकात इथं आल्या. मी सांगते आहे त्या वेळी त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. नवरा गेलेला, मुलगा कॅनडात. हाताखाली साठीच्या चार बायका होत्या, त्यांना काकू ‘पोरी’ म्हणायच्या. त्यांचा सगळा आठवडा त्या दोन दिवसांसाठी चालायचा. सोमवारी भिजवायचं, बुधवारी निवडायचं आणि शुक्रवारी मला फोन करून कोण किती जेवलं, कुणी पोळी टाकली, याचा अहवाल द्यायचा. पोळी टाकणाऱ्याची पुढच्या मंगळवारी धडगत नसायची.

कारण काकूंच्या स्वयंपाकघरात काही टाकायचं नाही, हा एकच नियम होता. वड्यांच्या तळणीचं तेल गाळून भाजीच्या फोडणीला जायचं. तरीही उरलं तर ते डब्यात साठायचं आणि दिवाळीत पणत्यांना यायचं. देवापुढच्या समईला नाही, तिला कोरं तेल. पण हॉलच्या पायऱ्यांवर शंभरेक पणत्या लागायच्या त्या वर्षभर जपलेल्या तळणीच्या तेलाच्या. आमच्या इथं वाढलेल्या मुलांना दिवाळी म्हटलं की बटाटेवड्याचा वास येतो, तो त्यामुळे.

एका उन्हाळ्यात हॉल तापवणारा गॅस बॉयलर तपासायला माणूस आला आणि त्यावर ‘वापरू नये’ अशी लाल चिठ्ठी लावून गेला. मंडळाचा सेक्रेटरी अमोल, नागपूरचा, इथं सॉफ्टवेअरमध्ये कामाला. त्याचा मला फोन आला. "ताई, नवीन बॉयलरचं बजेटच नाहीये आपल्याकडे. हॉल गरम नसेल तर कौन्सिल लंच क्लब बंद करणार म्हणते. विंटरच्या आधी काहीतरी अरेंज व्हायलाच पाहिजे. तुमच्या ऑफिसमध्ये ग्रँट-बिंट असेल तर बघा ना."

बघितलं. कल्पनाही माझीच. गाळलेल्या खाद्यतेलावर चालणारे बॉयलर तेव्हा मिळू लागले होते. मंडळाच्या घराघरांतून आणि आमच्यातल्या एकांच्या फरसाणाच्या दुकानातून तळणीचं तेल गोळा केलं तर आठवड्यातले दोन दिवस हॉल तापेल, असं माझं गणित निघालं. काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "यात नवीन काय? मोठी पणतीच की." त्यांनी गणपतीत सगळ्यांना फर्मान काढलं आणि आरतीला येणारा प्रत्येक जण प्रसादाच्या डब्याबरोबर तेलाचा डबा आणू लागला.

ग्रँटचा अर्ज मी लिहिला. अशा अर्जांना काय आवडतं ते मला तोंडपाठ होतं. साधं ‘वापरलेलं तेल’ म्हटलं तर वाचणाऱ्याला झोप येते. ‘वेस्ट’ म्हटलं की तो खुर्चीत सावरून बसतो. प्रकल्पाचं नावच मी ‘कचऱ्यातून ऊब’ ठेवलं. अकरा पानांत जिथं जिथं काकूंचं तेल आलं तिथं तिथं वेस्ट लिहिलं. काय सुचलंय, असंही मनात म्हटलं. ग्रँट मंजूर झाली, सप्टेंबरात बॉयलर बसला, आणि अर्जाची एक प्रत रीतीप्रमाणे पर्यावरण खात्याकडे गेली.

खात्याचं पत्र आलं. आपण कचरा जाळणार असल्यामुळे आपला हॉल हा कचरा भस्मीकरण प्रकल्प ठरतो, असं त्यात सभ्य भाषेत कळवलं होतं. युरोपचा तो कायदा शहराचा कचरा जाळणाऱ्या अवाढव्य भट्ट्यांसाठी केलेला. जळताना निघणारा वायू साडेआठशे अंशांवर निदान दोन सेकंद राहिला पाहिजे आणि चिमणीवर त्याची सतत मोजणी करणारी यंत्रं पाहिजेत. आमच्या चिमणीत त्या वेळी कबुतरं राहत होती. परवानगी मिळेपर्यंत बॉयलर पेटवायचा नाही, असं शेवटच्या ओळीत होतं.

हा कायदा मला माहीत नव्हता, असं नाही. त्याच्यावर मी इतरांना दोनदा भाषण दिलं होतं. घरचं कार्य म्हटल्यावर मी तो विसरले.

सुटकेची एक वाट होती. कायद्यात कचऱ्याची व्याख्या एका ओळीची आहे. ज्याच्याकडे वस्तू आहे त्यानं ती टाकली, टाकायचा त्याचा इरादा असला किंवा टाकणं त्याला भाग असलं, तर तो कचरा. म्हणजे सगळं इराद्यावर आलं. आणि वस्तू टाकायचा इरादा आयुष्यात एकदाही न केलेलं माणूस आमच्याकडे होतं. मी खात्याला पत्र लिहून इन्स्पेक्टरला हॉलवर बोलावलं.

आदल्या दिवशी काकूंकडे गेले. म्हटलं, "काकू, तो तेलाबद्दल विचारेल. तुम्ही ते टाकत नाही, एवढंच सांगा. फोडणीचं काढू नका, नाहीतर हायजीनवाले येतील."

"चांगलं गाळलेलं असतं तेल. त्यात काय लपवायचंय?"

"लपवायचं नाही. फक्त सांगायचं नाही."

"आणि तो विचारतोय कशाला? त्याला कुणी सांगितलं मी तेल टाकते म्हणून?"

मी म्हटलं, "ऑफिसची रीत असते." तिथंच खरं सांगायला हवं होतं. काकूंच्या हातचा चहा पीत मी ते सांगितलं नाही.

इन्स्पेक्टर मिस्टर होल्डन ऑक्टोबरात आले. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. हॉल इतका गार होता की त्यांनी कोट काढलाच नाही. स्वयंपाकघरात ते, मी, अमोल आणि काकू. काकू डॉक्टरशी आणि बँकेशी इंग्रजीत भांडायच्या, पण सरकारी माणसासमोर मराठीतच बोलणार, हा त्यांचा हट्ट. म्हणून मी दुभाषी.

होल्डननी फाइल उघडली आणि माझ्या अर्जातलं वाक्य मोठ्यानं वाचलं. ‘या स्वयंपाकघरातून दर आठवड्याला निघणारा आणि एरवी फेकून दिला जाणारा कचरा...’ मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण त्याची गरज नव्हती. काकू माझ्याकडे बघत होत्या.

"हे कुणी लिहिलंय?"

अमोल सिंककडे बघू लागला. मी म्हटलं, "मी."

"माझ्या तेलाला कचरा म्हणालीस?"

"काकू, तो फॉर्मचा शब्द असतो."

"फेकून देते, असंही लिहिलंस." मग त्या होल्डनकडे वळल्या आणि सरळ इंग्रजीत बोलल्या. या घरात काही फेकत नाहीत, हे तेल आधी फोडणीला जातं आणि मग दिवाळीत दिव्यांना, विचारा कुणालाही. त्यांनी कपाटातून पणती काढली, त्यात डब्यातलं तेल ओतलं, वात घालून पेटवली आणि त्यांच्या फाइलशेजारी ठेवली.

होल्डननी ज्योतीकडे बघितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "फोडणीचं मी ऐकलं नाही. ते दुसऱ्या खात्याचं आहे. ही ज्योत मात्र दुर्दैवानं माझ्याच खात्याची आहे."

"अशा किती असतात?" त्यांनी विचारलं.

"शंभर," काकू म्हणाल्या.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. माणूस भला होता.

निकाल दिवाळीनंतर आला. काकूंच्या सवयीबद्दल खात्याला आदर आहे, पण तेल तळण्यासाठी घेतलं होतं, तळणं झालं, दुकानाचं तर ते टाकाऊच आणि अर्जदारानं स्वतः त्याला अकरा पानं कचरा म्हटलेलं आहे. तेव्हा तो कचराच. वाट एकच. नोंदणीकृत वाहतूकदारानं तेल कचरा म्हणून न्यायचं, कारखान्यात त्याचं शुद्ध इंधन करायचं आणि मग तेच इंधन म्हणून परत आणायचं. मग ते जाळायला हरकत नाही. मला पाद्री आठवले.

अमोलनं विचारलं, "ताई, आणि दुकानातून ब्रँड न्यू सनफ्लॉवर ऑइल आणून जाळलं तर?" ते चालणार होतं. खाण्याजोगं कोरं तेल जाळायला कायद्याची काही हरकत नव्हती. काकूंनी कानांवर हात ठेवले. तसंही ते मंडळाला परवडणारं नव्हतं. विजेचे हीटर लावून बघितले तर चॅपलचा फ्यूज उडाला.

कारखान्याशी करार, वाहतूकदाराचे कागद, यात हिवाळा गेला. लंच क्लब बंद. तेव्हा मी ज्याला त्याला कायद्याच्या गमती सांगत होते. कायद्याला हसलं की माझ्या अर्जाकडे कुणाचं लक्ष जात नव्हतं. काकू माझा फोन उचलत नव्हत्या. शुक्रवारी फोन वाजायचा थांबला.

जानेवारीत त्या मला सुपरमार्केटच्या रांगेत दिसल्या. बास्केटमध्ये एक कांदा, एक पाव आणि तेलाची अर्ध्या लिटरची बाटली. ज्या बाईला पंधरा लिटरच्या डब्याखेरीज तेल विकत घेताना मी कधी पाहिलं नव्हतं, तिच्या हातात ती बाटली औषधाच्या बाटलीसारखी दिसत होती. मी "काकू" म्हटलं. त्या म्हणाल्या, "तळायचं कुणासाठी? एवढं पुरतं." आणि पैसे देऊन निघून गेल्या. मला माझीच लाज वाटली. एका चटकदार शब्दासाठी मी वीस-बावीस माणसांचं जेवण आणि एका बाईचा आठवडा घालवला होता. बरं, कायद्यानं माझ्यावर ठपकाही ठेवला नव्हता.

मार्चमध्ये पहिला टँकर यायचा ठरला. त्याआधी एक कागद भरायचा होता. कचरा दुसऱ्याच्या ताब्यात देताना दोन्हीकडच्या माणसांनी त्यावर सही करायची असते. आमच्या बाजूनं स्वयंपाकघरप्रमुखाचं नाव होतं. अमोल म्हणाला, "ताई, मी साइन करतो ना, व्हॉट्स द प्रॉब्लेम?" पण त्याचा व्हिसा संपून तो पुण्याच्या ऑफिसला चालला होता आणि माझी सही चालणार नव्हती. सल्लागारानं सही करायची नसते.

काकूंना निरोप पाठवला. येतील असं मला वाटत नव्हतं. त्या वेळेआधी पाच मिनिटं आल्या. स्वयंपाकघराचं दार उघडून ओट्यावरून बोट फिरवलं, बोटावरची धूळ मला दाखवली. मग चष्मा लावून कागद वाचला. पूर्ण वाचला, मागची बारीक अक्षरंसुद्धा. वस्तूचं वर्णन या रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"इथं दुसरं काही लिहिता येणार नाही?"

"नाही, काकू."

"आणि मी सही केली नाही तर?"

"तर टँकर रिकामा जाईल. बॉयलर पेटणार नाही."

बाहेर टँकरवाल्यानं इंजिन चालूच ठेवलं होतं. मी म्हटलं, "काकू, चुकलं माझं. तो शब्द मी लिहायला नको होता." हे वाक्य मी पाच महिने तयार ठेवलं होतं. तोंडातून निघाल्यावर ते फारच आखूड वाटलं.

"आता लिहिलास ना," त्या म्हणाल्या. "पुढच्या मंगळवारी किती माणसं आहेत?"

"एकोणीस."

"तीन कुठं गेली?"

एक मुलीकडे गेलेलं, एक आजारी आणि एक त्या हिवाळ्यात वारलेलं, असं मी सांगितलं. काकूंनी मान हलवली, पेन घेतलं आणि मोडी वळणाच्या मराठीत ठसठशीत सही केली. माझ्यादेखत त्या छापील कागदावर त्यांनी आपलं तेल कचरा आहे असं मान्य केलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी शेकडो सह्या घेतल्या असतील. एवढी जड सही दुसरी नाही.

मग त्या उठल्या. टँकरवाल्याला थांबायला सांगून त्यांनी साठवलेल्या तेलाच्या एका पिंपाचं झाकण उघडलं, पळीनं एक वाटी तेल काढलं आणि वाटी माझ्या हातात दिली.

"ही घरी ने. हिला काय म्हणायचं ते तू ठरव."

तेल चार दिवसांत इंधन होऊन परत आलं. पुढच्या मंगळवारी हॉल तापला, वडे झाले आणि शुक्रवारी फोन वाजला. कोण किती जेवलं ते काकूंनी सांगितलं. त्यानंतर आठ वर्षं टँकर येत राहिला. दर वेळी काकू सही करायच्या आणि दर वेळी त्याआधी एक वाटी बाजूला निघायची. कागदावर लिटरचा आकडा असायचा, तो एका वाटीनं खोटा. मी तो शेजारी उभी राहून वाचायचे आणि बरोबर आहे म्हणायचे.

काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. देश युरोपातून बाहेर पडला. तो कागद मात्र अजून तोच आहे, मी मुद्दाम चौकशी केली. शेवटच्या आजारपणात काकूंनी त्या वाट्यांच्या तेलाचा डबा माझ्याकडे पोचवला होता. त्यातलं तेल मी पुरवून पुरवून वापरते. दिवाळीत दारात एकच पणती त्या तेलाची असते. साडेआठशे अंश होत असतील का, ते मी मोजलेलं नाही. परवानगीही काढलेली नाही.